ऑनलाइन बुद्धिबळ: पैसे कुठे भरावेत, कुठे नाही

ऑनलाइन बुद्धिबळ खेळायला शून्य रुपये लागतात. आज, उद्या आणि वर्षभर रोज दहा डाव खेळलात तरी शून्यच. हे आधी स्पष्ट सांगायला हवं, कारण मुलाला बुद्धिबळाची गोडी लागली की घरात पहिला प्रश्न हाच येतो, "कुठली मेंबरशिप घेऊ?" नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, आणि तेव्हापासून हा प्रश्न जास्तच ऐकू येतो. गुकेशचं जगज्जेतेपद, बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमधली दोन सुवर्णपदकं, पाठोपाठ गोव्यात भरलेला विश्वचषक. एवढं सगळं वर्ष-सव्वा वर्षात पाहिल्यावर पालकांनी खिशात हात घालणं अगदी स्वाभाविक आहे. तो कशासाठी घालायचा, एवढंच इथे पाहू.

खेळायच्या जागा पुष्कळ आहेत, पण आपल्याकडची मुलं प्रामुख्याने दोनच ठिकाणी जातात. एक चेस डॉट कॉम: अमेरिकेतली खासगी कंपनी, २००७ साली सुरू झालेली, आज या क्षेत्रात सर्वांत मोठी. दुसरं लिचेस: फ्रान्सच्या तिबो ड्युप्लेसी या प्रोग्रॅमरने २०१० साली सुरू केलेलं, आता तिथल्या कायद्याखाली नोंदलेली ना-नफा संस्था चालवते ते. पहिलं जाहिराती आणि वर्गणीवर चालतं, दुसरं देणग्यांवर. लिचेसवर जाहिरात नाही आणि पैसे भरल्यावरच उघडेल असं काहीही नाही. देणगीदाराच्या नावापुढे पंखाचं एक छोटं चिन्ह येतं, तेवढंच. बाकी त्याला आणि फुकट खेळणाऱ्याला मिळणाऱ्या सोयी अगदी सारख्या.

नुसतं खेळण्यापुरतं पाहिलं तर दोन्हीकडे फरक जवळजवळ नाही. दोन्हीकडे कितीही डाव खेळा, मित्राला लिंक पाठवून आव्हान द्या, संगणकाशी खेळा, स्पर्धांत उतरा, मोठ्या स्पर्धांचं थेट प्रक्षेपण पाहा. पैसे कुणी मागत नाही. चेस डॉट कॉमवर फुकट खेळणाऱ्याला जाहिराती दिसतात. तिथे गर्दी मोठी असल्यामुळे कुठल्याही वेळी, कुठल्याही पातळीचा प्रतिस्पर्धी लगेच मिळतो. लिचेसवरही नेहमीच्या वेळमर्यादांसाठी फार थांबावं लागत नाही. फरक सुरू होतो तो डाव संपल्यावर.

एक अगदी ओळखीचा डाव घ्या. मुलगी काळ्या मोहऱ्यांनी खेळते आहे. दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. पांढऱ्याने उंट सी-४ ला काढला, तिने घोडा सी-६ ला. पांढऱ्याचा वजीर थेट एच-५ वर आला. तिला वाटलं, वजिरावर हल्ला करावा. तिने दुसरा घोडा एफ-६ ला काढला. पुढच्याच खेळीत वजिराने एफ-७ चं प्यादं मारलं, मागे उंटाचा जोर, राजाला वजीर मारता येईना. मात.

लिचेसवर डाव संपताच संगणकीय विश्लेषण मागवता येतं. काही सेकंदांत पटाच्या बाजूला आलेख येतो, घोड्याच्या त्या खेळीपुढे दोन प्रश्नचिन्हं लागतात आणि जी-६ ला प्यादं ढकलणं योग्य होतं असं दिसतं. ‘लर्न फ्रॉम युअर मिस्टेक्स’ या बटणावर बोट ठेवलं की पट चुकीच्या आधीच्या स्थितीत परत येतो आणि तिलाच नवी खेळी शोधायला सांगतो. ही सोय फार मोलाची आहे. तिने स्वतः शोधलेलं प्यादं तिच्या लक्षात राहतं. पण प्यादं का ढकलायचं, घोड्याने काय बिघडलं, हे यंत्र शब्दांत सांगत नाही. ते आकडा आणि बाण दाखवतं.

चेस डॉट कॉमवर याच डावाचा ‘गेम रिव्ह्यू’ उघडला तर पडद्यावरचा कोच वाक्यांत बोलतो: या खेळीने मात होऊ दिली, अमुक धोका नजरेतून सुटला, या घराला राखण नव्हती. चांगल्या खेळ्यांचं कौतुक होतं, डाव किती टक्के अचूक झाला ते कळतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आलेखापेक्षा हे पुष्कळ लवकर उमगतं. मात्र फुकट खात्यावर असे रिव्ह्यू मोजकेच मिळतात. कोडीही रोज मोजकीच. लिचेसवर लाखो कोडी आहेत आणि कितीही सोडवायला मोकळीक आहे.

म्हणजे वर्गणी भरून आपण विकत काय घेतो? बुद्धिबळ नाही. इंजिनची ताकदही नाही, कारण लिचेसचं विश्लेषण ज्या स्टॉकफिश इंजिनवर चालतं ते कुठल्याही ग्रँडमास्टरपेक्षा बलवान आहे. आपण विकत घेतो ते समजावून सांगणं, क्रमवार लावलेले धडे, जाहिरातींपासून सुटका आणि हुरूप टिकवणारी सजावट. या गोष्टी खोट्या नाहीत. धड्यांचे व्हिडिओ चांगले आहेत आणि ते एका क्रमाने येतात. घरात बुद्धिबळ जाणणारं कुणी नसेल, गावात क्लास नसेल, मूल एकटंच मोबाइलवर शिकत असेल, तर वर्गणीचा खरा उपयोग होतो असं माझं मत आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलासाठी तो पडद्यावरचा कोच हाच पहिला शिक्षक असतो.

उलट घरात आजोबा, काका, शेजारचे सर, कुणीही बऱ्यापैकी खेळणारं असेल, तर लिचेसवरचं फुकट विश्लेषण उघडून त्या माणसाला शेजारी बसवा. "इथे घोडा का चुकला, सांग बरं," असं विचारणारा जिवंत माणूस मिळाला की वर्गणीतला सर्वांत महाग भाग फुकट मिळाला. मुलगा आधीच चांगल्या क्लासला जात असेल तर वरची वर्गणी माझ्या मते अनावश्यक आहे. अनेक प्रशिक्षक आपले धडे लिचेसच्या ‘स्टडी’मध्येच लावतात: एक लिंक, आत प्रकरणं, प्रत्येक स्थितीवर टिपा, सगळ्या विद्यार्थ्यांना एकदम उघडणारी. तुमच्या सरांना आधी विचारा, ते काय वापरतात. त्यांच्या उत्तराने बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो.

वर्गणी घ्यायचीच असेल तर

चेस डॉट कॉमच्या वर्गणीचे टप्पे आहेत: गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड. कुठल्या टप्प्यात किती कोडी, किती रिव्ह्यू, किती धडे उघडतात, ही मांडणी कंपनी वेळोवेळी बदलते; दरही देशागणिक आणि सवलतीच्या हंगामागणिक वेगळे दिसतात. म्हणून शेजाऱ्याने मागच्या वर्षी काय भरले यावर जाऊ नका. स्वतःच्या खात्यातून दरपत्रक उघडा आणि आपल्या मुलाला नेमकं कुठलं कुलूप आड येतं ते पाहा. ते फक्त रिव्ह्यूचं असेल, तर रिव्ह्यू खुले करणारा सर्वांत खालचा टप्पा पुरे. सर्वांत वरचा टप्पा नजरेत भरेल असाच मांडलेला असतो, पण त्यातले शेकडो धडे पाहून होतील का, याचा हिशेब आधी करावा.

दर महिन्याचा घ्यावा की वर्षाचा? गणित करून पाहू. आकडे फक्त हिशेबासाठी घेतले आहेत: समजा महिन्याला ५०० रुपये आणि वर्षाला एकदम ४,००० असा दर दिसला. वर्षाचा दर स्वस्त वाटतो, पण तो आठ महिन्यांच्या मासिक दराएवढा आहे. मूल आठ महिन्यांहून जास्त काळ नियमित वापरणार असेल तरच वर्षाचा घ्या. शाळकरी मुलांचं वर्ष तसं जात नाही. सहामाही, वार्षिक परीक्षा, स्नेहसंमेलन यात बुद्धिबळ आठवडे न् आठवडे बाजूला पडतं. मे महिन्याच्या सुट्टीत एक महिना, दिवाळीत एक महिना असं घेतलं तर याच आकड्यांत हजार रुपयांत काम होतं, आणि सुट्टीत मूल ते पुरेपूर वापरतं. बहुतेक घरांना मी हाच मार्ग सुचवेन.

घेण्याआधी वेबसाइटवरचा आणि मोबाइल ॲपमधला दर दोन्ही पाहा. ते नेहमी सारखे असतातच असं नाही. किंमत डॉलरमध्ये दिसत असेल तर कार्डाच्या बिलात बँकेचा परकीय चलन आकार वाढतो, तो साधारण २ ते ३.५ टक्के असतो, वर त्या आकारावरचा जीएसटी. शिवाय परदेशी कंपनीच्या अशा ऑनलाइन सेवेवर आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आहे. तो दाखवलेल्या दरात धरलेला आहे की शेवटच्या पानावर वाढणार, हे पैसे भरण्याचं बटण दाबण्याआधी एकदा पाहून घ्या.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते आपोआप नूतनीकरणात. आठवड्याच्या मोफत चाचणीसाठी कार्ड किंवा यूपीआय जोडावं लागतं, चाचणी संपते, आणि वर्गणी सुरू होते. मूल तोवर क्रिकेटकडे वळलेलं असतं. ॲप मोबाइलवरून काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. वर्गणी जिथून घेतली तिथूनच बंद करावी लागते: प्ले स्टोअरवरून घेतली असेल तर प्ले स्टोअरच्या ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मधून, आयफोनवर ॲपलच्या सेटिंग्जमधून, वेबसाइटवरून घेतली असेल तर तिथल्या खात्यातून. महिन्याची वर्गणी घेतली की त्याच दिवशी नूतनीकरण बंद करून ठेवा. भरलेल्या मुदतीपर्यंत सगळं चालू राहतं, पुढे पैसे कापले जात नाहीत.

याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत. कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेवरून अशी ठरावीक रक्कम कापायची असेल तर किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी, आणि १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम मात्र पुन्हा ओटीपी किंवा पिन न मागता कापली जाऊ शकते. बुद्धिबळाची वर्गणी या मर्यादेच्या आतच बसते, म्हणून तो २४ तासांचा संदेश हीच तुमची शेवटची संधी. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ अशी यादी असते. ती आज एकदा उघडून पाहाच. तिथूनही परवानगी रद्द करता येते.

फुकट आणि विकत यांचं जुनं भांडण

दोन्हीकडे खेळणं फुकट आहे याचं श्रेय केवळ कुणाच्या उदारपणाला देता येणार नाही. १९९२ साली इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला, तेव्हा स्वयंसेवकांनी तो उभा केला होता. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक डॅनियल स्लेटर यांनी तो ताब्यात घेऊन सुधारला आणि १९९५ मध्ये त्याचा इंटरनेट चेस क्लब करून वर्षाला ४९ डॉलर वर्गणी लावली. आपण फुकट केलेल्या कामावर कुणी पैसे कमावतो आहे, असं अनेक स्वयंसेवकांना वाटलं. त्यांनी वेगळं होऊन फ्री इंटरनेट चेस सर्व्हर काढला. पुढे कित्येक वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालले: एकीकडे ग्रँडमास्टर आणि पैसे, दुसरीकडे फुकट आणि उत्साही मंडळी.

चेस डॉट कॉम आणि लिचेस ही त्याच भांडणाची पुढची पिढी. लॉकडाऊन आणि ‘द क्वीन्स गॅम्बिट’ या मालिकेनंतर खेळणाऱ्यांची लाट आली, डिसेंबर २०२२ मध्ये चेस डॉट कॉमने १० कोटी सदस्यांचा टप्पा गाठला. त्याच सुमारास कंपनीने ग्रँडमास्टर मॅग्नस कार्लसनच्या नावाने चालणारा प्ले मॅग्नस समूह विकत घेतला. त्यात डाव खेळायचं चेस२४ आणि अभ्यासक्रम विकणारं चेसेबल ही दोन्ही ठिकाणं आली. चेस२४ पुढे बंद झालं. अशा बाजारात एकच दुकान उरलं असतं तर खेळण्यावरही पैसे लागले असते, असं मला मनापासून वाटतं. शेजारी तितकंच चांगलं फुकट मिळतं म्हणून मोठ्या कंपनीला पट खुला ठेवावा लागतो. लिचेस कधीच न उघडणाऱ्या मुलालाही लिचेसचा फायदा होतो तो असा.

चेस२४ च्या प्रकरणातून ग्राहकाने एक सवय उचलावी: आपले डाव स्वतःकडे ठेवावेत. दोन्ही ठिकाणांहून डाव पीजीएन फाइलमध्ये उतरवून घेता येतात. वर्षातून एकदा उतरवून ठेवा. चेस डॉट कॉमवर खेळलेला डाव तसा उतरवून लिचेसमध्ये टाकला तर त्याचं संगणकीय विश्लेषण फुकट होतं. रिव्ह्यूची मर्यादा संपली की हा सरळ रस्ता आहे.

सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधीही थांबा. ‘बलवान इंजिन’ म्हणून विकत घ्यावं असं आज सामान्य खेळाडूला काही उरलेलं नाही. २०२१ साली चेसबेस या जर्मन कंपनीने फॅट फ्रिट्झ २ सुमारे १०० युरोला बाजारात आणलं. ते मुळात स्टॉकफिशवर, म्हणजे कुणालाही फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर, वेगळं न्यूरल जाळं बसवून केलेलं होतं. स्टॉकफिशच्या मंडळींनी परवान्याच्या भंगाबद्दल जर्मनीत दावा लावला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये समेट झाला. स्टॉकफिश आजही फुकट उतरवता येतं. चेसबेसचा डावांचा संग्रह ही वेगळी गोष्ट. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तयारी करणाऱ्या खेळाडूला तो लागतो, दहा वर्षांच्या नवशिक्याला नाही. सुरुवातींचा अभ्यास लिचेसच्या ‘ओपनिंग एक्स्प्लोरर’मध्ये होतो, आणि पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले की अचूक निकाल सांगणारा संचही तिथेच फुकट आहे. ऐकून शिकायचं असेल तर सेंट लुईस चेस क्लबची व्याख्यानं आणि मुंबईच्या सागर शाहांचं चेसबेस इंडिया, दोन्ही यूट्यूबवर मोकळी आहेत.

रेटिंगबद्दल थोडं, कारण इथेही पैसे जातात. लिचेसवर नव्या खेळाडूला १५०० पासून सुरुवात मिळते, आणि एकाच खेळाडूचा आकडा तिथे साधारणपणे चेस डॉट कॉमपेक्षा वरचा दिसतो. दोन्ही आकडे त्या त्या जागेपुरते. "आमचा मुलगा १७०० आहे" म्हणून वरच्या पातळीच्या महाग बॅचमध्ये टाकू नका. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचं रेटिंग मिळतं ते समोरासमोरच्या मान्यताप्राप्त स्पर्धेतच. मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीतलं किमान रेटिंग १४०० झालं आहे, म्हणजे पहिलं रेटिंग मिळवणंच पूर्वीपेक्षा अवघड झालं. त्यासाठी स्पर्धा खेळाव्या लागतात: अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी, प्रवेश शुल्क, एसटी किंवा रेल्वे, दोन-तीन रात्रींचा मुक्काम, सोबत एक पालक. परगावच्या एका स्पर्धेचा खर्च सहज काही हजारांत जातो. घरात बुद्धिबळासाठी वर्षाला ठरावीकच पैसे असतील तर ते इथे खर्च करा. ऑनलाइन वर्गणी कापून एक जास्तीची स्पर्धा खेळता येत असेल, तर स्पर्धाच खेळावी. पटासमोर बसून, घड्याळ दाबून, हाताने खेळी लिहून खेळण्याला पडद्यावर पर्याय नाही. घरी सरावाला गुंडाळता येणारा पट आणि प्लास्टिकचे मोहरे मात्र आजच आणा. तेवढ्या रकमेत वर्षानुवर्षं काम होतं.

शाळेसाठी विचार करणाऱ्या शिक्षकांनी लिचेसचे ‘क्लासेस’ पाहावेत. शिक्षक विद्यार्थ्यांची खाती स्वतः तयार करू शकतो, त्यांची प्रगती पाहू शकतो, शुल्क काही नाही. ‘किड मोड’ चालू केला की खात्यावरची गप्पा-संदेशांची सोय बंद होते. घरीही लहान मुलाचं खातं उघडताना पहिलं काम हेच करा. मांडणी मराठीतही ठेवता येते. ती स्वयंसेवकांनी भाषांतरित केली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन-तीन जुने संगणक आणि इंटरनेट एवढ्यावर बुद्धिबळाचा तास चालू शकतो.

आता देणगीचं. रोज फुकट वापरणाऱ्या घराने लिचेसला वर्षातून एकदा काहीतरी द्यावं, असं मी आवर्जून सांगेन. रक्कम कितीही चालते, आणि संस्था सर्व्हरचं भाडं, मानधन वगैरे आपला खर्च लोकांसमोर मांडते. देताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. संस्था फ्रान्सची असल्याने या देणगीवर आपल्याकडे प्राप्तिकरात ८०-जीची सवलत मिळत नाही. आणि रक्कम परकीय चलनात जाते, म्हणून दरमहा थोडी थोडी देण्यापेक्षा वर्षाची एकदम, एकाच वेळची म्हणून द्या; ‘मंथली’ऐवजी ‘वन टाइम’ निवडलं की कार्डावर कुठलीही कायमची परवानगी राहत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर बँकेच्या ॲपमधून ते आधी सुरू करावे लागतात. देणगी गेली की पुन्हा बंद करा.